चौदा मार्चच्या चार नोंदी

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कमल गजभियेच्या टेबलावर एका बेपत्ता माणसाची वही येऊन पडली.

खाकी कापडाच्या बांधणीची, खिशात मावेल एवढी वही. पोलिसांच्या लाखेचा एक तुकडा अजून तिला चिकटून होता. शिपाई म्हणाला, "जैसलमेर से लौटी है, दीदी. रामटेके बाबू वाली. बड़े साहब बोले, अब इसके पौधे चढ़ा दीजिए."

पौधे चढवणं म्हणजे वाळलेली झाडं जाड कागदावर सुईदोऱ्यानं शिवणं. लखनौच्या त्या वनस्पती संशोधन संस्थेत कमल अकरा वर्षं हेच करत होती. हजारो झाडं तिच्या हाताखालून गेली होती. त्यांतली निम्मीअधिक जमिनीत उभी असताना कशी दिसतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

वही श्रीपत रामटेके यांची. संस्थेसाठी रानोमाळ फिरून झाडं गोळा करणारा माणूस. शिक्षण सातवी, पण पान चुरगाळून वास घेतला की झाडाचं कूळ सांगायचे. कमलला ही नोकरी त्यांनीच मिळवून दिली होती. ती त्यांना दादा म्हणे.

मागच्या वर्षी, मार्च १९८३ मध्ये, श्रीपतदादा विभागप्रमुख डॉ. नरहर ओगले यांच्याबरोबर जैसलमेरपलीकडच्या वाळवंटातल्या नव्या राष्ट्रीय उद्यानात गेले. चौदा तारखेला सकाळी तंबूतून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. दोन दिवस शोध झाला. वाळूवर पाऊलही सापडलं नाही.

सरहद्द जवळ, म्हणून कोणी म्हणालं पलीकडे गेला. कोणी म्हणालं, बाई असेल. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

आता तर फलकावर कागदच लागला होता. १५ फेब्रुवारी १९८४ पर्यंत हजर न झाल्यास रामटेके यांना फरार समजून नोकरीतून काढण्यात येईल. सरकारी कचेरीत माणूस हरवला तर चालतं, रबरी शिक्का हरवला तर मात्र चौकशी बसते.

आदल्याच दिवशी कमल तेलीबागला श्रीपतदादांच्या घरी गेली होती. दार त्यांच्या हेमानं उघडलं. "मम्मी, कमल बुआ आई हैं," एवढं बोलून मुलगी आत निघून गेली. हल्ली ती कोणाच्या नजरेला नजर देत नसे.

कांतावहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्या हापिसात बसते न, कमल? मले बाकी काही नाही पाहिजे. हे पळाले नाही, एवढं तेवढं दाखवून दे. पोरीले शाळेत पोरी फरारची पोरगी म्हणून राहिल्या."

कमलनं शब्द दिला होता. पंधरा तारखेला नऊ दिवस उरले होते.

झाडं आणायला ती भांडारात गेली. दोन लाकडी जाळ्यांमध्ये वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत झाडं, आणि ते सगळं कॅनव्हासच्या दोन पट्ट्यांनी आवळलेलं, असा झाडं दाबायचा प्रेस असतो. वर्षभर कोणी त्याला हात लावला नव्हता. एका बाजूला पट्टा होता. दुसऱ्या बाजूला सुतळी.

कमल थबकली. दादा आपल्या पट्ट्यांना तेल लावून ठेवायचे. सुतळीनं प्रेस बांधणाऱ्याला शिव्या घालायचे.

मग तिनं वही उघडली.

ही वही कशासाठी असते, ते दादांनीच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "बाई, झाड वाळलं की तीन गोष्टी जातात. रंग जातो, वास जातो आणि उंची जाते, कारण कागदावर फांदीच येते. म्हणून झाडापाशी उभं राहून लिहायचं. वही म्हणजे झाडाचं जितेपण."

शेवटच्या चार नोंदी चौदा मार्चच्या होत्या. वेळ, सकाळी साडेसात. पेन्सिलीची सुटी इंग्रजी अक्षरं. क्रमांक २१३, धमासा: जमिनीलगतचं काटेरी झुडूप, फुलं पांढुरकी. २१४, खीप: पर्णहीन झुडूप, उंची दीड फूट, फुलं पिवळट. २१५, शिणिया: फुलं पिवळी. २१६, सेवण गवत.

तिनं वर्तमानपत्राची घडी उलगडली. धमाशाची फुलं खरंच पांढुरकी होती. खीपची काडी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. सगळं बरोबर जुळत होतं.

एकच गोष्ट खटकली. दादा गेले आणि वही मागे राहिली? बाजारात कोथिंबीर आणायला जातानाही त्या माणसाच्या खिशात वही असायची.

कमल उठली आणि डॉ. ओगल्यांच्या खोलीत गेली.

ओगले मवाळ माणूस. शिपायालाही अहो-जाहो करणारे. श्रीपतदादांना इंग्रजी अक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली होती. त्यामुळे दोघांचं अक्षर इतकं सारखं होतं, की संस्थेत त्याची चेष्टा चाले. दिवाळीला त्यांच्या घरून कांतावहिनींकडे फराळ गेला होता.

"सर, ही वही कुठं सापडली?"

"तंबूजवळ. प्रेसवर ठेवलेली होती."

"दादा वही न घेता गेले?"

"हो ना. पहाटे चार झाडं आणली, दाबली, नोंदी केल्या आणि पुन्हा निघाला. मी झोपेत होतो."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलं?"

"तेराच्या रात्री. पाय मुरगळला होता त्याचा. दिवसभर पडून होता."

"मुरगळलेल्या पायानं पहाटे झाडं गोळा केली?"

"रात्रीतून उतरलं असेल. तो कोणाचं ऐकायचा का?" ओगल्यांनी चष्मा काढून पुसला. "कमलबाई, मला काय आनंद होतोय? पण वहीच सांगते. चौदाला सकाळी साडेसातला तो हिंडत फिरत होता. म्हणजे गेला तो स्वतःच्या पायानं गेला. यापुढं आपण काय बोलणार?"

ते खरंच होतं. सगळं प्रकरण त्या चार नोंदींवर उभं होतं.

"सर, प्रेसचा एक पट्टा कुठं गेला?"

चष्मा पुसणारा हात क्षणभर थांबला. "तुटला असेल. पुरवठ्याचा माल, दुसरं काय!"

सहलीला ड्रायव्हरशिवाय आणखी एक माणूस गेला होता. दीनानाथ कर्णिक, रेल्वेतले अभियंते, ओगल्यांचे जुने स्नेही. सरकारी जीपमध्ये पाहुणा म्हणून बसलेले. पक्ष्यांचे फोटो काढायचं त्यांना वेड. बुधवारी संध्याकाळी कमल त्यांच्या बंगलीवर गेली तेव्हा त्यांना आनंदच झाला. वर्षभरात त्यांच्या स्लाइड बघायला आपणहून कोणी आलं नव्हतं.

पडदे ओढले. भिंतीवर वाळवंट आलं.

चिंकारांचा कळप. बिळाच्या तोंडाशी उन्हाला बसलेला वाळवंटी कोल्हा. खेजडीच्या शेंड्यावर ओळीनं गिधाडं. "खेजडी म्हणजे आपली शमी बरं का," कर्णिक म्हणाले. मग नारिंगी फुलांनी लदलेला रोहिडा. कमल बघत राहिली. तिच्या कपाटात रोहिड्याची फुलं होती, काळपट कत्थई. तिला वाटायचं, रोहिडा तसाच असतो.

मग एक पक्षी आला. माणसाच्या कमरेएवढा उंच, गळ्याची पांढरी पिशवी जमिनीपर्यंत फुगवलेली.

"माळढोक!" कर्णिकांचा आवाज चढला. "नर आहे. दीड तास आमच्यासमोर नाचत होता. माणसाला जन्मात एकदा दिसतं असं."

"कधीचा फोटो?"

"तेराचा. त्या दिवसाचे सगळे फोटो ह्याचेच आहेत."

"बाराचे दाखवता?"

त्यांनी दाखवले. एका फोटोत श्रीपतदादा उभे होते. हसत होते. शेजारी हिरव्या काड्यांचं झुडूप, त्यांच्या डोक्याच्याही वर गेलेलं.

"हे कोणतं?"

"खीप. दोर वळतात याचे, तो सांगत होता."

पुढचा फोटो जमिनीचा होता. तंबूची खुंटी आणि तिच्याभोवती काट्यांत पसरलेली जांभळट-गुलाबी फुलं, सगळीकडे.

"आणि हे?"

"हे गोड होतं फार. धमासा! तंबूपासून वीस पावलांवर नुसता गालिचा होता. श्रीपत म्हणाला, साहेब, काटा बघू नका, फूल बघा."

कमल उठून भिंतीजवळ गेली आणि फुलं बघत राहिली. कर्णिकांना वाटलं, तिला फोटो आवडला.

"तेराची सकाळ आठवते का, साहेब?"

"आठवते की. मी उठलो तेव्हा श्रीपत तंबूपाशी बसला होता. ओगले त्याच्या पायाला पट्टा बांधत होता. पाय मुरगळला म्हणाला."

"कसला पट्टा?"

"कॅनव्हासचा. बकलवाला."

"पायाला कुठं?"

कर्णिकांचा हात आपोआप खाली गेला आणि गुडघ्याखाली थांबला. "इथं. पोटरीवर."

"घोट्याला नाही?"

"नाही." ते जरा गोंधळले. "मग वनरक्षक आला. नर नाचायला आलाय म्हणाला. आम्ही तिघं निघालो. ओगले, मी आणि ड्रायव्हर विष्णू."

"आणि परत?"

"दिवस बुडताना. श्रीपत तंबूत होता. ओगले आत जाऊन आला आणि म्हणाला, झोपलाय, उठवू नकोस. माझा घसा सुकला होता. श्रीपतसाठी सकाळी ठेवलेला पाण्याचा कॅन बाहेर होता, त्यातलं प्यायलो आणि माझ्या तंबूत जाऊन पडलो."

"कॅनमध्ये किती पाणी होतं?"

"काठोकाठ. उघडताना माझ्या अंगावर सांडलं..."

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला. मार्चमधल्या वाळवंटात दिवसभर पडून राहिलेल्या माणसानं घोटभर पाणी प्यायलं नव्हतं.

"साहेब," कमल उठत म्हणाली, "रविवारी हे यंत्र घेऊन ओगलेसरांकडे याल?"

ड्रायव्हर विष्णू छावणीच्या सदर बाजारात राहायचा. शुक्रवारी कमल त्याच्या दारात उभी राहिली. त्याला काय विचारायचं ते तिनं वाटेवर ठरवलं होतं. माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी विचारायची.

"विष्णू भैया, तेरह की रात जीप का फावड़ा आपने निकाला था, या साहब ने?"

विष्णूच्या हातातली विडी खाली पडली. "किसने बताया आपको?"

उत्तर मिळालं होतं.

"भैया, उनकी एक बेटी है."

"मेरी तीन हैं, दीदी." तो दाराआड झाला. "पिछले महीने परमानेंट हुआ हूँ. मुझे मत घसीटिए. रामटेके बाबू ने सुबह मुझसे भी कहा था, गाड़ी निकाल दे भैया. मैं क्या करता? गाड़ी तो साहब की थी."

दार लागलं. कमल सदर बाजारातून चालत सुटली. खरं कळलं की हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं झालं नाही. दादा कुठंतरी असतील, ही आशा तिच्याही मनात तळाशी होती, हे तिला आत्ता कळलं.

रविवार, बारा फेब्रुवारी. निशातगंजमधल्या ओगल्यांच्या दिवाणखान्यात सुलभाबाईंनी पोह्यांच्या बशा मांडल्या. कर्णिक यंत्र घेऊन आले होते, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. कांतावहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. कपाळाला कुंकू होतं, हातात काचेच्या बांगड्या. कमलनं त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, की चला.

पडदे ओढले गेले. भिंतीवर जांभळट-गुलाबी फुलं पसरली.

"सर," कमल म्हणाली, "या फुलांचा रंग कोणता?"

ओगले हसले. "परीक्षा घेताय की काय? जांभळा. गुलाबीकडे झुकणारा."

"हा धमासा आहे. बारा तारखेचा, तुमच्या तंबूशेजारचा." तिनं वही उघडून त्यांच्यापुढं धरली. "चौदाला दादांनी लिहिलं, फुलं पांढुरकी. दोन दिवसांत रंग बदलला?"

"पहाटे उजेड कमी असेल."

"साडेसातला?" कमलनं पिशवीतून कागद काढला. त्यावर शिवलेलं झुडूप होतं. "पांढुरकी फुलं ही आहेत. वाळून रंग उडालेली. आठ दिवस दाबल्यावर धमासा असा होतो. नोंद करणाऱ्यानं जितं फूल नाही, हे फूल पाहून लिहिलं."

तिनं दुसरी स्लाइड लावायला सांगितली. हसणारे श्रीपतदादा आणि डोक्यावर गेलेली खीप. कांतावहिनींनी तोंडाला पदर लावला.

"हे झुडूप दादांपेक्षा उंच आहे. वहीत उंची दीड फूट. दीड फूट ही खीपची उंची नाही, सर. माझ्या कागदाची आहे."

ओगले भिंतीकडे बघत होते.

"वाळल्यावर ज्या तीन गोष्टी जातात, त्यांतल्याच दोन चुकल्या. दादांची अशी चूक झालीच नसती. ही चूक टेबलाशी बसून झाडं ओळखणाऱ्याची आहे. माझीसुद्धा झाली. सोमवारी ही नोंद वाचून मी मान डोलावली, कारण मीही वाळलेलीच झाडं पाहिली आहेत. दादांसारखं अक्षर असलेला आणि टेबलाशी बसणारा माणूस संस्थेत एकच आहे."

"कमलबाई..."

"मला पुरं बोलू द्या. चार झाडं दादांनीच आणली, पण तेराला पहाटे. अंधार होता, म्हणून झाडं आधी प्रेसमध्ये ठेवली; उजाडल्यावर झाडांपाशी जाऊन लिहिणार, त्याआधीच त्यांना काहीतरी चावलं. नोंदी राहिल्या. मुरगळलेल्या पायाला कोणी पोटरीवर आवळून पट्टा बांधत नाही. साप चावल्यावर बांधतात. प्रेसचा पट्टा त्यात गेला आणि परत आलाच नाही. जीप एकच होती. तेवढ्यात वनरक्षकानं पक्ष्याची बातमी आणली. जीप पक्ष्याकडे गेली. संध्याकाळी पाण्याचा कॅन भरलेलाच होता, कारण पिणारा उरला नव्हता. रात्री जीपचं फावडं निघालं. पण तेराला मेला म्हटलं, तर जीप कुठं होती असं कोणीतरी विचारणार. म्हणून दादांना आणखी एक दिवस जगवलं. पोलिसांनी नंतर कागद मागितले, तेव्हा तुम्हाला नोंदी नसलेली चार झाडं सापडली. तुम्ही चौदा तारीख घातली."

सुलभाबाई उभ्याच होत्या. "अहो, काहीतरी बोला ना. नाही म्हणा."

ओगल्यांनी नाही म्हटलं नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"फुरसं होतं," ते म्हणाले. "वीतभर. फुरशानं माणूस लगेच जात नाही, दिवस दोन दिवस हातात असतात, असं वाचलं होतं मी. जैसलमेर दीड तासावर. वाटलं, दुपारी परत येऊ आणि नेऊ. नर मात्र थांबला नसता."

"दीड तास तो नाचला," कर्णिक कसंबसं म्हणाले. "मग आपण मादी शोधत बसलो. नरहर, तू तेव्हाही बोलला नाहीस मला. मी त्याचं पाणी प्यायलो रे."

"आलो तेव्हा अंग गार होतं. हिरड्यांतून रक्त आलेलं होतं. विष्णूला मी भाग पाडलं, त्याचा दोष नाही."

कांतावहिनी पहिल्यांदाच बोलल्या. आवाज अगदी साधा होता. "काही म्हणाले का हे? जाताना तुमाले?"

ओगले त्यांच्याकडे बघू शकले नाहीत. "म्हणाला, साहेब, आधी मला सोडून या, मग पक्षी बघा. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ."

"मग?"

"मग म्हणाला, बरं."

सुलभाबाई मटकन खाली बसल्या. "मी दिवाळीला लाडू घेऊन गेले होते हो त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि ते कोणाला सांगत होत्या त्यांनाही कळलं नसावं.

"कुठं ठेवलं?" कमलनं विचारलं.

"एका रोहिड्यापासून चाळीस पावलं मोजली होती. मनात होतं, पुढंमागं... मे महिन्यात रजा काढून एकटा गेलो. सुलभाला सांगितलं, परिषद आहे. वाळूची टेकडी सरकली होती. रोहिडा शेंड्यापर्यंत बुजलेला. तो तोच का दुसरा, तेही कळेना. चार दिवस खणलं. काही नाही."

मग त्यांनी आपणहून कागद ओढला आणि सगळं लिहून सही केली. अक्षर सुटं, सुबक, श्रीपतदादांसारखं.

कर्णिकांनी तो कागद वाचला. सरकारी माणूस, त्यांना पुढचं लगेच दिसलं. "कमलबाई, मी साक्ष देईन. नरहरची नोकरी जाईल, खटला होईल, ते होईल. पण यांना..." त्यांनी कांतावहिनींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "देह नाही. नुसत्या कबुलीवर मरणाचा दाखला कोणी देणार नाही. सात वर्षं थांबा म्हणतील. तोवर फार तर फरार खोडून बेपत्ता लिहितील."

म्हणजे आठवडाभर धावून कमलनं एक शब्द खोडून दुसरा आणला होता.

कमल आणि कांतावहिनी बाहेर पडल्या. निशातगंजच्या बाजारात रविवारची गर्दी होती. चारबागला उतरून तेलीबागच्या टेंपोसाठी उभ्या राहिल्या. कमलला वाटलं, वहिनी रडतील, तर बरं होईल. त्या रडल्या नाहीत.

"वहिनी," तिनं हळूच म्हटलं, "दादा पळाले नव्हते. उद्या मी हा कागद फलकावर लावायला लावते. हेमाला आता कोणी काही म्हणणार नाही."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तू केलं न माह्यासाठी. तुले बोल नाही लावत."

त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि कमलकडे वळल्या.

"तुले एक सांगू, कमल? हे पळाले नाही म्हणून मी अकरा महिने साऱ्यांशी भांडली. पण मनातून म्हणे, पळालेच असू दे. पलीकडे गेले असू दे. दुसरी बाई केली असू दे. मी रोज यांच्या नावानं दोन पोळ्या जास्तीच्या टाकत होती."

"वहिनी..."

"पळाले असते तं कुठंतरी जेवत तं असते."

टेंपोवाला तेलीबाग, तेलीबाग म्हणून ओरडत होता. कमलनं वहिनींचा हात धरून त्यांना आत चढवलं आणि त्यांच्या शेजारी बसली.